लेझर एन्ग्रेव्हरसाठी हवेशीर टेबल: आधी धुराची वाट, मग लाकूड-लोखंड

घरच्या खोलीत किंवा गल्लीतल्या छोट्या गाळ्यात छंद म्हणून लेझर एन्ग्रेव्हर चालवणारे आता बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी सगळीकडं दिसतात. दारावरच्या पाट्या, लग्नातल्या भेटवस्तू, गणपतीच्या मखराची एमडीएफमधली जाळी, मंडळांची सन्मानचिन्हं, मराठी आणि कन्नड दोन्ही लिपींतलं कोरीवकाम, कामाला तोटा नाही. मशीन घेताना वॉट, वेग, कामाचं क्षेत्र हे सगळं पारखून बघितलं जातं. ते ठेवायचं कुठं आणि त्याचा धूर जाणार कुठून, हा प्रश्न मात्र मशीन घरी आल्यावर पडतो. मग ते एखाद्या जुन्या अभ्यासाच्या टेबलावर चढतं, खिडकी उघडी राहते आणि भिंतीत स्वयंपाकघरातला एक पंखा बसतो. तेवढ्यानं धूर खोलीबाहेर जात नाही, खोलीभर फिरतो.

माझं सांगणं असं की टेबलाचा आराखडा काढण्याआधी हवेचा आराखडा काढा. हवा कुठून आत येणार, कामावरून कशी जाणार, कुठल्या पाईपनं आणि कुठल्या भिंतीतून बाहेर पडणार, हे एकदा कागदावर उतरलं की टेबलाची मापं आपोआप ठरतात. उलट्या क्रमानं गेलं की शेवटी पाईपला चार वळणं द्यावी लागतात आणि पंखा नुसता आवाज करतो.

इथली मापं ४०० गुणिले ४०० मिमी कामाचं क्षेत्र असलेल्या, ५ ते २० वॉटच्या उघड्या डायोड मशीनसाठी आहेत. कार्बन डायऑक्साइड नळीच्या मशीनला स्वतःची पेटी असते. त्यांना पाईप आणि पंख्याचा भाग तेवढा लागू पडेल.

धुरात काय असतं

एमडीएफ म्हणजे लाकडाचा भुसा आणि बहुतेक वेळा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा चिकट रस. तो जळला की फॉर्मल्डिहाइड, कार्बन मोनॉक्साइड आणि डोळ्यांना न दिसणारे बारीक कण एकत्र बाहेर पडतात. फॉर्मल्डिहाइडला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. प्लायमध्येही असेच रस असतात. नुसतं सागवान किंवा आंब्याची फळी जाळली तरी बारीक कण आणि कार्बन मोनॉक्साइड सुटतातच. एन-९५ मास्क कण अडवतो, वायू अडवत नाही. म्हणून मास्क लावून खिडकीजवळ बसणं हा उपाय धरू नका.

काही वस्तू तर कितीही चांगलं टेबल असलं तरी मशीनखाली ठेवायच्या नाहीत. पीव्हीसी ही त्यातली पहिली. सनबोर्ड, रेक्झिन, व्हिनाइल स्टिकर, फ्लेक्स ही सगळी त्याच घराण्यातली. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो. ओलावा मिळाला की त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं, ते फुप्फुसाला चरतं आणि मशीनच्या सळ्या गंजवतं. पावसाळ्यात आमच्याकडच्या हवेत ओलावा मुबलक असतो, हे ध्यानात घ्या. एखादं प्लास्टिक पीव्हीसी आहे की नाही हे कळत नसेल तर अंगणात, वाऱ्याच्या पाठीमागं उभं राहून तांब्याची तार तापवा, त्या प्लास्टिकला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीनसारखं काहीतरी आहे. ते बाजूला ठेवा. एबीएस या प्लास्टिकमधून हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू सुटू शकतो. पॉलिकार्बोनेट कापलं जात नाही, काळं पडून पेटतं.

चामड्याबद्दल आमच्या भागात वेगळं सांगायला हवं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांसाठी: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. अथणी, निपाणीकडं पिढ्यान्‌पिढ्या हे काम चालतं. तिथलं पारंपरिक चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, त्यावर लेझरनं नक्षी सुंदर उमटते. बाजारात स्वस्तात मिळणारं मऊ, रंगीत चामडं मात्र बहुधा क्रोमनं कमावलेलं असतं. ते जाळलं की क्रोमियमचं घातक रूप तयार होण्याचा धोका असतो. चामडं कुठून आलं आणि कशात कमावलं हे कारागिराला विचारा. नीट उत्तर मिळालं नाही तर ते लेझरखाली घेऊ नका.

हवेचा हिशोब

मशीन झाकणारी पेटी आतून ३० इंच रुंद, २८ इंच खोल, १६ इंच उंच धरा. म्हणजे साधारण ७.८ घनफूट. पंख्यानं मिनिटाला १०० घनफूट हवा खरोखर ओढली तर पेटीतली हवा मिनिटाला बारा-तेरा वेळा बदलते, म्हणजे दर पाच सेकंदांना एकदा. छंदाच्या मशीनला हे पुरेसं आहे.

‘खरोखर’ हा शब्द इथं महत्त्वाचा आहे. पंख्याच्या खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. पाईप, वळणं, जाळी आली की प्रत्यक्ष प्रवाह अर्ध्यावर येतो. म्हणून खोक्यावर किमान २०० घनफूट प्रति मिनिट, म्हणजे सुमारे ३४० घनमीटर प्रति तास असा आकडा बघा. आकड्याइतकीच पंख्याची जातही बघा. भिंतीत बसणारा पातीचा एक्झॉस्ट पंखा मोकळी हवा छान ढकलतो, पण पाईप जोडला की त्याचा जोर मोडतो. कॉम्प्युटरच्या पंख्यांचंही तेच. पाईपमधून हवा खेचायला दाब धरणारा पंखा लागतो: इनलाइन डक्ट फॅन किंवा गोगलगायीच्या आकाराचा ब्लोअर. स्वयंपाकघरातल्या जुन्या चिमणीत असाच ब्लोअर असतो आणि भंगारात तो चांगल्या अवस्थेत मिळू शकतो. तो घेतलात तर आधी आतलं सगळं तेलकट किटण साबणाच्या गरम पाण्यानं काढा, वाळवा, मगच जोडा. तेलाचा थर आणि लेझरची ठिणगी एका पाईपमध्ये नको.

पाईप ४ इंची की ६ इंची? अंतर आठ-दहा फुटांच्या आत आणि वळण एखादंच असेल तर ४ इंची चालतो. त्याहून लांब न्यायचा असेल, गच्चीपर्यंत चढवायचा असेल तर ६ इंचीच घ्या. तेवढीच हवा ६ इंची पाईपमधून नेली तर घर्षणाचा विरोध ४ इंचीच्या तुलनेत सुमारे सातपटीनं घटतो. या एका निर्णयामुळं स्वस्त पंखाही पुरतो आणि आवाजही कमी होतो. पंख्याचं तोंड ४ इंची असेल तर पंख्यापाशी रिड्यूसर लावा.

पेटीला लागून पहिले दोन-तीन फूट ॲल्युमिनियमची लवचिक नळी ठेवा, जी चिमणीच्या दुकानात मिळते. ती ताणून सरळ बसवा. सैल ठेवलेल्या नळीच्या सुरकुत्या हवा अडवतात. त्यापुढं सांडपाण्याचा एसडब्ल्यूआर पाईप वापरता येतो. ११० मिमी आणि १६० मिमी ही मापं कुठल्याही प्लंबिंगच्या दुकानात असतात, आतून गुळगुळीत असतात, सांधे घट्ट बसतात. धातूची नळी आधी ठेवायची ती ठिणगीसाठी. वळणासाठी ९० अंशांच्या एका बेंडऐवजी ४५ चे दोन घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं: पंखा पाईपच्या शेवटी, खिडकीपाशी किंवा भिंतीपलीकडं बसवा. तिथं असला की खोलीतला सगळा पाईप ओढीखाली राहतो. सांध्यात फट राहिली तरी खोलीतली हवा आत जाईल, धूर बाहेर येणार नाही. पंखा पेटीला चिकटून बसवला की पुढचा सगळा पाईप दाबाखाली येतो आणि प्रत्येक सांधा धूर गळतो.

जेवढी हवा बाहेर जाईल तेवढी खोलीत आत यायला हवी. दारं-खिडक्या गच्च बंद करून पंखा लावला तर तो उपाशी राहतो. पाईपच्या समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार चार बोटं उघडं ठेवा. त्याच खोलीत किंवा शेजारच्या न्हाणीघरात पाण्याचा बंब, चूल किंवा गॅस गीझर पेटत असेल तर लेझर त्या वेळी चालवू नका. पंख्याच्या ओढीनं त्यांचा धूर घरात परत येऊ शकतो.

सांगाडा आणि वरची फळी

टेबल ४८ इंच लांब, ३० इंच रुंद, ३० इंच उंच. डावीकडं पेटी, उजवीकडं उरलेल्या दीड फुटात लॅपटॉप आणि हत्यारं. उभं राहून काम करणाऱ्यांनी उंची ३४ इंच करावी.

२५ गुणिले २५ मिमीचा १६ गेजचा लोखंडी चौकोनी पाईप पुरतो. चार पाय, वर एक चौकट, जमिनीपासून ६ इंचांवर दुसरी चौकट, पेटी जिथं संपते तिथं वरच्या चौकटीत एक आडवी पट्टी आणि मागच्या बाजूला एक तिरका आधार. हा तिरका आधार वाचवू नका. लेझरचं डोकं भराभर इकडून तिकडं धावतं तेव्हा टेबल हललं तर कोरलेल्या अक्षरांच्या कडा लहरी येतात. पायांना खाली १० मिमीचे नट वेल्ड करून त्यात बोल्ट घाला, म्हणजे शहाबादी फरशीवरही टेबल समतल करता येईल. बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे पट्ट्यात फॅब्रिकेशनचे गाळे भरपूर आहेत. एक सांगाडा तिथं अर्ध्या दिवसात होतो. वेल्डरला एवढंच सांगा, “अण्णा, आधी टाके मारून कर्ण मोजूया, दोन्ही सारखे आले की मग पक्कं करा.” कर्ण सारखे म्हणजे काटकोन बरोबर. रेड ऑक्साइडचे दोन हात आणि वर ऑइल पेंट मारून घ्या, विशेषतः पाईपची उघडी टोकं आणि वेल्डिंगच्या जागा.

वरची फळी १८ मिमी प्लायची, आयएस ७१० शिक्क्याची, म्हणजे पाणी सोसणारी. साधी प्लाय स्वस्त पडते, पण जुलै-ऑगस्टच्या दमटपणात कडा फुगतात. कापलेल्या सगळ्या कडांना, आतल्या भोकाच्या कडांनाही, वॉर्निश किंवा प्रायमर लावा.

खालची हवापेटी

लेझर टेबलात धूर दोन ठिकाणी होतो आणि बहुतेक घरगुती टेबलं एकाच ठिकाणी ओढ देतात. कोरताना धूर वस्तूच्या वर उठतो. कापताना, आणि त्यातही हवेचा झोत सोडणारा एअर असिस्ट लावलेला असताना, धूर कापलेल्या चिरेतून खाली ढकलला जातो. नुसतं वरून ओढलं तर कापकामाचा धूर खाली साठतो, फळीच्या पाठीवर काळे डाग पाडतो आणि मग सगळ्या बाजूंनी वर येतो. नुसतं खालून ओढलं तर कोरकामाचा धूर लेन्सवर बसतो. म्हणून या टेबलाला ओढीची दोन तोंडं ठेवायची आणि दोन्हींवर सरकती झडप.

खालचं तोंड असं करा. ४०० मिमीचं, मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाळीचं ॲल्युमिनियमचं पॅनेल मिळतं. ते जिथं बसणार तिथं प्लायमध्ये ३७५ गुणिले ३७५ मिमीचं भोक पाडा, म्हणजे चारी बाजूंना १२ मिमी टेकू राहतो. भोकाच्या लाकडी कडा पत्र्यानं मढवा. खाली २२ गेजच्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्याची पेटी लटकवा: पुढं ४ इंच खोल, मागं ६ इंच, तळ मागं उतरता. मागच्या बाजूला पाईपचं तोंड. पुढच्या बाजूला बिजागरीचं झाकण, म्हणजे खाली पडलेले तुकडे ओढून काढता येतील. हे काम पेट्या आणि धान्याच्या कोठ्या बनवणाऱ्या पत्र्याच्या कारागिराकडून दुमड आणि रिवेट घालून करून घ्या. जीआयवर वेल्डिंग करायला सांगू नका. जस्ताचा धूर वेल्डरला आजारी पाडतो. सांध्यांना आतून उष्णता सहन करणारं सिलिकॉन भरा.

लेझरचा किरण जाळीतून आरपार खाली येतो. तोवर तो पसरलेला असतो, तरी खालचा चकचकीत पत्रा प्रकाश परत फेकतो. म्हणून तळाला एक सुटा लोखंडी पत्रा ठेवा आणि त्याला मोटरसायकलच्या सायलेन्सरला मारतात तो उष्णता सोसणारा काळा मॅट रंग द्या. सुटा असल्यामुळं तो बाहेर काढून खरवडता येतो.

मशीनचे चार पाय जाळीच्या बाहेर, प्लायवर टेकतात. जाळी २२ मिमी जाड असेल तर पायांखाली तेवढ्याच जाडीचे ठोकळे द्या, नाहीतर फोकस जुळवायला डोकं जितकं वर सरकायला हवं तितकं सरकत नाही. ठोकळे आणि पाय दोन्ही स्क्रूनं बांधून टाका.

चार इंचाचं एक किचेन कापायचं असेल आणि बाकीची जाळी उघडी असेल, तर हवा सोप्या वाटेनं जाते आणि किचेनखाली ओढच उरत नाही. मोकळी जाळी झाकायला जीआय पत्र्याचे पाच-सहा चौकोनी तुकडे कापून ठेवा, काळ्या मॅट रंगाचे. पुठ्ठ्यानं झाकू नका, तो पेटतो.

वरची पेटी

पेटी २० गेज लोखंडी पत्र्याची करा, आतून काळा मॅट रंग. लाकडी पेटी करायचीच असेल तर आतून पूर्ण पत्रा लावा. झाकण मागच्या बाजूला बिजागरीवर, दोन गॅस शॉकरसह. कडांना गाडीच्या दाराची रबरी बीडिंग बसवा, ती ऑटो स्पेअरच्या दुकानात फुटावर मिळते.

मागच्या भिंतीत, कामाच्या पातळीपासून ४ ते ५ इंच वर, पूर्ण रुंदीची २८ इंच लांब आणि अर्धा इंच उंच फट ठेवा. तिच्यामागं ४ इंच खोल पत्र्याचा डबा, डब्याच्या मधोमध पाईपचं तोंड. फट अरुंद आणि मागचा डबा ऐसपैस असला तरच ओढ डाव्या-उजव्या टोकांपर्यंत सारखी पोचते. एकच गोल भोक पाडलं तर धूर फक्त मधला ओढला जातो.

हवा आत येण्याची फट समोर, खालच्या कडेला: २८ इंच लांब, पाऊण इंच उंच. तिचं क्षेत्रफळ २१ चौरस इंच होतं, ४ इंची पाईपच्या सव्वाबारा-साडेबारा चौरस इंचांपेक्षा बरंच जास्त, त्यामुळं पंखा गुदमरत नाही. ६ इंची पाईप थेट पेटीपर्यंत आणणार असाल तर ही फट सव्वा इंचाची करा. फटीच्या आत एकापुढं एक दोन पट्ट्या अशा लावा की सरळ रेषेत काही दिसू नये. हवा वळून आत येते, प्रकाश वळून बाहेर येत नाही.

हा प्रकाश गंभीर आहे. डायोडचा किरण ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा असतो आणि हे लेझर चौथ्या वर्गात येतात. नुसत्या परावर्तित प्रकाशानंही डोळ्यातल्या पडद्याला कायमची इजा होऊ शकते. झाकणाला नारिंगी ॲक्रिलिकची खिडकी करण्याचा मोह होतो, पण दुकानातलं साधं रंगीत ॲक्रिलिक किती प्रकाश अडवतं याचा कुठला दाखला नसतो. मी खिडकी ठेवूच नका म्हणेन. आत एक स्वस्त वेबकॅम आणि एलईडी पट्टी लावा, काम लॅपटॉपवर बघा. झाकण उघडून फोकस किंवा चाचणी करायची वेळ येते तेव्हा ४५० नॅनोमीटरसाठी ओडी (प्रकाश अडवण्याचं माप) ५ किंवा जास्त असं स्पष्ट छापलेला चष्मा घाला, आणि खोलीतल्या प्रत्येकाला घाला. लहान मुलं त्या वेळी खोलीत नकोत.

वीज, अटकाव आणि आग

झाकण उघडताच लेझर बंद झाला पाहिजे. झाकण बंद असताना दाबला जाणारा एक लिमिट स्विच बसवा. अडॅप्टरकडून मशीनकडं जाणारी डीसी वायर एका रिलेच्या, म्हणजे विजेवर उघडझाप होणाऱ्या स्विचच्या, संपर्कातून न्या आणि रिलेची कॉइल या लिमिट स्विचमधून चालवा. झाकण उचललं की कॉइल सुटते, मशीनची वीज जाते. अडॅप्टर १२ व्होल्टचा असेल तर कारचा रिले, २४ चा असेल तर ट्रकचा. दोन्ही ऑटो इलेक्ट्रिशियनकडं मिळतात. कॉइलच्याच वाटेत लाल मशरूम बटण टाका आणि ते पेटीवर न लावता टेबलाच्या पुढच्या कडेला लावा, म्हणजे आग लागलेल्या पेटीवर हात न्यावा लागणार नाही. बटण दोन संपर्कांचं घ्या आणि दुसऱ्या संपर्कानं पंख्याची वीज तोडा. पंख्याची बाजू २३० व्होल्टची आहे, ती जोडणी जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. सांगाडा आणि पेटी दोन्हींना अर्थिंग हवंच.

मशीन आणि पंखा एकाच इन्व्हर्टरवर ठेवा. मशीन इन्व्हर्टरवर आणि पंखा नुसत्या घरच्या लाइनवर असला, तर वीज गेल्यावर लेझर चालू राहतो आणि धूर पेटीत भरतो.

मशीन चालू असताना खोली सोडून जायचं नाही, चहालासुद्धा नाही. पातळ एमडीएफची दाट जाळी कापताना छोटी ज्योत उठणं नेहमीचं असतं. एअर असिस्ट ती विझवतो. ज्योत टिकून राहिली तर लाल बटण दाबा. पंखा आणि लेझर दोन्ही बंद पडतात, झाकण मिटलेलंच असतं, हवा तुटते. तेवढ्यानं विझली नाही तर २ किलोचा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर. कोरड्या पावडरीचा सिलिंडरही आग विझवतो, पण पावडर मशीनच्या पट्ट्या-बेअरिंगमध्ये जाऊन ते निकामी करते. सिलिंडर दाराजवळ टांगा, टेबलाच्या मागं नको.

बाहेरचं तोंड: शेजार आणि पाऊस

बेळगावातल्या शहापूर, वडगावसारख्या जुन्या वस्तीत भिंतीला भिंत लागून घरं आहेत. आपला धूर शेजाऱ्यांच्या खिडकीत सोडून आपलं टेबल हवेशीर झालं असं म्हणता येत नाही. शक्य असेल तर पाईप गच्चीच्या कठड्यावर न्या. कौलारू घरात कौलं काढून भोक पाडण्यापेक्षा पाईप भिंतीतून काढा आणि पागोळीच्या बाहेर दोन फूट न्या, नाहीतर धूर कौलांच्या फटींतून माळ्यावर परत येतो. बाहेर वाटच नसेल तर जाळी, बारीक कणांचा हेपा आणि सक्रिय कोळसा असा तीन थरांचा फिल्टर लागतो. कोळशाचा थर जाड हवा आणि वास यायला लागला की बदलायचाच. हा खर्च सतत चालू राहतो, म्हणून पाईपची सोय होत असेल तर आधी पाईप बघा.

बेळगाव-खानापूर पट्ट्यात जून ते सप्टेंबर वारा आणि पाऊस पश्चिमेकडून येतात. पश्चिमेच्या भिंतीतून पाईप काढला तर जोराच्या वाऱ्यात पंखा हरतो आणि पाणी आत येतं. तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला ठेवा. अथणीकडं पाऊस कमी, तिथं याची एवढी काळजी नको. भिंतीतला आडवा पाईप बाहेरच्या बाजूला थोडा उतरता ठेवा, टोकाला खाली वळलेला बेंड, त्यावर पाली-पाखरं अडवणारी जाळी आणि एक हलकी उलटझडप बसवा. पंखा बंद असताना ही झडपच दमट हवेला आत येण्यापासून थांबवते.

उदबत्तीची परीक्षा

सगळं जोडून झालं की लेझर चालू न करता फक्त पंखा लावा. झाकण बंद. पेटलेली उदबत्ती समोरच्या फटीपाशी, मग झाकणाच्या चारी कडांना, मग खालच्या पेटीच्या सांध्यांना धरत फिरा. धूर सगळीकडं आत वळला पाहिजे. कुठं तो सरळ वर गेला तर तिथवर ओढ पोचत नाही. बाहेर ढकलला गेला तर पंखा उलटा जोडलेला आहे. नंतर उदबत्ती पेटीच्या आत, जाळीवर ठेवून कॅमेऱ्यातून बघा. वरची झडप पूर्ण आणि खालची पाव उघडी: धूर मागच्या फटीकडं आडवा जायला हवा. उलट केलं की जाळीतून खाली. कोरताना पहिली मांडणी, कापताना दुसरी. झडपांवर रंगानं खुणा करून ठेवा.

शेवटी ३ मिमी एमडीएफचा टाकाऊ तुकडा कापून बघा. बाहेर तोंडाशी धूर दिसला आणि खोलीत वास आला नाही तर टेबल तयार आहे. खोलीत वास आला तर बहुतेक वेळा कारण दोनच असतात: खोलीत हवा यायला वाट नाही, किंवा झाकण लवकर उघडलं गेलं. काम संपल्यावर पंखा पाच-सात मिनिटं चालू ठेवूनच झाकण उचला.

राखणं

खालच्या पेटीतले तुकडे रोज काढा. काळे पडलेले बारीक तुकडे पुढच्या ठिणगीला जळण होतात. दोन्ही तोंडांत ठिणगी अडवायला स्टीलची जाळी बसवलेली असेल तर ती आठवड्याला काढून धुवा. एमडीएफचं काम जास्त असेल तेव्हा त्याहून लवकर, कारण चिकट किटण बसून अर्धी जाळी बुजली तरी वरून काही कळत नाही, नुसता पंख्याचा आवाज बदलतो. लेन्स आयसोप्रोपिल अल्कोहोलनं आणि मऊ कापडानं पुसा. एमडीएफ आणि प्लायच्या शीट पावसाळ्यात सपाट, जमिनीपासून वर, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा; ओलावा धरलेली शीट वाकते, फोकस चुकतो, कापायला जास्त ताकद लागते आणि धूरही जास्त होतो.

मे महिन्याच्या शेवटी, पावसाळा सुरू होण्याआधी, पाईपचे सांधे सोडवून आत साचलेला काळा थर खरवडा, पंख्याची पाती पुसा, बाहेरची जाळी बदला आणि उलटझडप हातानं हलवून बघा. ती किटणानं अडकून उघडीच राहिली असेल तर पावसाचं पाणी थेट पंख्याच्या मोटरीत उतरतं.